सालीचं तेल काढायचं मशीन एकेका गटाच्या गळ्यात नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्याकडे बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंबाच्या सालीचं तेल काढायच्या मशीनचे व्हिडिओ फिरतायत. सुपरक्रिटिकल सीओटू म्हणे, साल फुकट नि तेल महाग, कर्ज काढा आणि मशीन घ्या. तंत्र खरंच चांगलं आहे, पण गटांनी ते एकेकटं घेऊ नये असं मला फार वाटतं म्हणून लिहितेय.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो ३१ अंशांच्या वर आणि दाब ७४ बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) पुढे नेला की तो धड वायू राहत नाही नि धड द्रवही नाही, वायूसारखा सालीत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून घेतो, मग दाब उतरवला की वायू निघून जातो, तेल खाली राहतं, हेक्झेनसारखं (तेल काढायला वापरतात ते रसायन) मागे काही उरत नाही आणि तोच वायू परत वापरता येतो. वाफेवर काढलं तर शंभर अंशाची उष्णता नि लिंबाचा आंबटपणा यात सिट्रल, म्हणजे लिंबाला वास देणारा घटक, बिघडतो, त्यामुळे त्या तेलाला ताज्या सालीचा वास राहत नाही. इथं तेवढं तापवावंच लागत नाही, ३१ अंश तर आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही असतात.

खरी अडचण दाबाची. प्रत्यक्ष काम १०० ते ३०० बारवर चालतं, म्हणजे जाड स्टीलचं भांडं, मोठ्या दाबाचा पंप, कूलिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिकलेला ऑपरेटर, हे सगळं आलं. गॅस लीक झाला तर वास येत नाही, हवेपेक्षा जड म्हणून बंद खोलीत खाली साचतो आणि माणूस गुदमरतो, व्हिडिओत हे कुणीच सांगत नाही!! आणि एवढं करून शंभर किलो ताज्या सालीतून तेल मिळणार किलोच्या आसपास. लिंबं आपल्याकडे बरीचशी घाटावरनं येतात, सरबताचा सिझन उन्हाळ्यापुरता, मग बाकीचं वर्ष हप्ते कशातनं फेडायचे?

नुसत्या सालीला साधं कोल्ड प्रेस, म्हणजे न तापवता दाबून तेल काढणं, पुरतं, जगात संत्र्याचं बहुतेक तेल तसंच निघतं. सीओटूचं मशीन जायफळ, मिरी, दालचिनीला परवडेल, आणि ती आपल्या नारळी-पोफळीच्या बागांत आहेतच, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची 'कोकण सुगंधा' नि दालचिनीची 'कोकण तेज' या जातीसुद्धा दिल्यात. मग जिल्ह्यात एकच मशीन विद्यापीठाच्या देखरेखीखाली बसवा ना, भात गिरणीवर नेतो तसा गटांनी माल न्यावा, किलोमागे भाडं द्यावं, तेल घेऊन यावं.

अजून एक, सरबतवाल्यांनी साल सरसकट बायोगॅसमध्ये टाकू नये. तिच्या तेलातलं लिमोनीन हे द्रव्य गॅस बनवणाऱ्या जिवाणूंना मारक असतं, साल जास्त झाली की गॅस बनायचा थांबतो. तेल काढून घेतलेल्या सालीचा तेवढा त्रास होत नाही.

पत्र जरा लवकर छापा ही विनंती, आमच्या शेजारच्या गटात कर्जाचे फॉर्म भरायला घेतलेत.

बचत गटाची एक सदस्य,
तालुका गुहागर