भाई, त्या कॅलेंडरच्या पानाबद्दल

आदरणीय भाई,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आईला महिन्यातून दोनदा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागतं. दोन बस बदलताना तिचे हाल व्हायचे, म्हणून तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून जुनी गाडी घेतली. गाडीने तिचे हाल थांबले, पण माझी झोप गेली. पंपावर मी दरवेळी दोनशेचंच पेट्रोल घालायचे, जणू थोडं थोडं घातलं की खर्च कमी होतो. हप्ता पाच तारखेला जायचा, पगार सातला यायचा. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला की फायनान्स कंपनी 590 रुपये दंड लावायची. हे किती महिने चाललं होतं, ते आईला अजून ठाऊक नाही.

गेल्या मे महिन्यात तुमच्या सोप्यावर कर्जाचे कागद घेऊन बसले, तेव्हा माझे हात थरथरत होते. तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि पेन माझ्याच हातात दिलंत. तीन लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. व्याज 1,35,000, हप्ता 7,250. मग तुम्ही विचारलंत, "बाय, दर महिन्याला मुद्दल फिटतं ना? मग फिटलेल्या पैशावर व्याज कशाला?" मला नऊ टक्के सांगितले होते ते फ्लॅट होते, म्हणजे पाचही वर्षं पूर्ण तीन लाखांवर. घटत्या शिल्लकेवर नऊ टक्के असते तर हप्ता 6,228च्या आसपास आला असता. माझा खरा दर पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जात होता. मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "फसलीस म्हणू नको. विचारायचं राहिलं, एवढंच." ते वाक्य मला त्या दिवशी फार हवं होतं.

कर्ज तसंच राहिलं, करारावर सही माझीच होती. पण हप्त्याची तारीख बदलून घेण्याचा अर्ज तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलात, आणि ते 590 थांबले.

बंपरची गोष्ट तर मी आता ऑफिसात सगळ्यांना सांगते. पार्किंगमध्ये खांबाला घासून पाच हजारांचं काम निघालं होतं. विमा आहे तर क्लेम करायचा, एवढंच मला कळत होतं. तुम्ही पॉलिसी वाचायला लावलीत. प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते, शिवाय पहिले हजार रुपये आपणच भरायचे. हाती जेमतेम दीड-दोन हजार येणार होते. आणि तीन वर्षं क्लेम न केल्याने मिळणारी 35 टक्के सूट, जी पुढच्या वर्षी 45 होणार होती, ती शून्यावर आली असती. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले, उघडून मात्र कधी पाहिले नाहीत.

जूनमध्ये विमा, पावसाआधीचे टायर आणि भाच्याच्या शाळेची फी एकदम यायची. आता पोस्टात दर महिन्याला 1,200 रुपये टाकते. यंदा विम्याचे पैसे भरले तेव्हा कोणाकडे हात पसरला नाही, आणि त्या रात्री शांत झोपले.

वहिनी मंगेशीला जायचं म्हणत होत्या. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन दारात येते. आईही येणार आहे. तिने तुमच्यासाठी पातोळ्या करायच्या ठरवल्या आहेत, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
शेजारची बाय