‘अर्थलिंग्ज’मधलं भय शेवटात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायाका मुराता यांच्या ‘अर्थलिंग्ज’ या जपानी कादंबरीचं परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचलं. ‘विकृत’ असा शेरा आणि शेवटच्या नरमांसभक्षणाचं वर्णन, एवढ्यावर ते आटोपलं आहे. शेवट किळसवाणा आहे, त्यात वाद नाही. पण कादंबरीचा सुरुवातीचा मोठा भाग परीक्षणात आलाच नाही, आणि माझ्या मते खरं भय तिथेच आहे.

कादंबरीची नायिका नात्सुकी अकरा वर्षांची. घरात थोरली बहीण लाडकी, ही नकोशी. आईचं तोंडही सुटतं आणि हातही. शिकवणीतला तरुण, देखणा मास्तर ‘नीट ताठ बस’ म्हणत तिच्या अंगाला हात लावतो. ती कशीबशी आईला सांगायला जाते, तर आई तिलाच झापते, घाण तुझ्याच मनात आहे म्हणून. पुढे तो मास्तर तिच्याशी जे करतो, त्यानंतर तिच्या जिभेची चव जाते. तोंड तिचं स्वतःचं उरत नाही. ती चव परत येते थेट चौतिशीत, त्या शेवटच्या भयंकर जेवणात. परीक्षकांना जे निव्वळ धक्कातंत्र वाटलं, त्याचं मूळ आईच्या त्या झापण्यात आहे. हा धागा सुटला की हाती फक्त किळस उरते.

नात्सुकी आपल्या शहराला कारखाना म्हणते. घरं म्हणजे ओळीनं मांडलेली घरटी आणि माणसं म्हणजे मुलं तयार करणारी अवजारं. तिनं तोमोयाशी लग्न केलंय ते शरीरसंबंध नकोत या अटीवर, केवळ लोकांनी गप्प बसावं म्हणून. लोक गप्प बसत नाहीतच. माहेर, सासर, मैत्रिणी, सगळ्यांचा धोशा एकच: मूल कधी? आणि यातली बहुतेक माणसं वाईट नाहीत, ती काळजीपोटीच बोलतात. आपल्याकडे हळदीकुंकवाला “काय गं, गोड बातमी कधी?” म्हणणाऱ्या काकूही काळजीनंच विचारतात. विचारताना त्यांची नजर कुठे जाते आणि पुढच्या खेपेला ओटी भरताना हात कसा आखडतो, हे सोसलेल्या बाईला नात्सुकीचा ‘कारखाना’ समजावून सांगावा लागणार नाही.

मुरातांना २०१६ मध्ये जपानचा मानाचा अकुतागावा साहित्य पुरस्कार मिळाला तो दुकानात काम करणाऱ्या एका अविवाहित बाईच्या कादंबरीसाठी. त्या स्वतःही अशा दुकानात नोकरी करत लिहीत होत्या. २०१८ मधल्या ‘अर्थलिंग्ज’मध्ये विषय जवळपास तोच आहे, पण सौम्यपणा त्यांनी पार टाकून दिला. मला हे धाडसाचं वाटतं.

मी शाळेत शिकवत होते. लहान मुलगी असलं काही सरळ सांगत नाही. “बाई, मला त्या क्लासला नाही जायचं,” एवढंच म्हणते आणि दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहते. घरचे म्हणतात, अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय! आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पण ‘कंटाळा’ म्हणून विषय मिटला की कळवणार कोण?

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये, हे मलाही मान्य आहे. त्यात लैंगिक अत्याचाराची आणि हिंसेची थेट वर्णनं आहेत, आणि तशी सूचना परीक्षणात ठळकपणे यायला हवी होती. आईबापांनी आणि शिक्षकांनी मात्र ते जरूर वाचावं. म्हणून विनंती, की या कादंबरीला पुरवणीत पुन्हा जागा द्यावी आणि या वेळी त्या शिकवणीवर आणि आईच्या उत्तरावर कुणाकडून तरी लिहून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली