आमच्या मुलखाचे नाव कागदावर एकदा निश्चित करा

माननीय महसूल मंत्री, कर्नाटक राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक आहे. गावकऱ्यांचे अर्ज आणि वारसा नोंदीचे कागद मी लिहून देतो, आणि त्या कामात पुन्हा पुन्हा आडवा येणारा एक प्रश्न आपल्यापुढे मांडतो आहे.

आमच्या भागाला बस महामंडळ ‘वायव्य कर्नाटक’ म्हणते, बोलण्यात तो ‘उत्तर कर्नाटक’ असतो, आम्ही मराठी माणसे त्याला ‘सीमाभाग’ म्हणतो, आणि सरकारदरबारी तो २०२१ पर्यंत ‘मुंबई-कर्नाटक’ होता व आता ‘कित्तूर-कर्नाटक’ आहे. शेजारच्या जिल्ह्याचे नाव ‘उत्तर कन्नड’ असल्याने मुले त्यालाच उत्तर कर्नाटक समजतात. वर्गात हा घोटाळा मी दरवर्षी निस्तरला आहे.

हा गोंधळ जुना आहे. इंग्रजांच्या कागदांतले ‘कर्नाटिक’ म्हणजे मुख्यतः अर्काटच्या नवाबाचा, आजच्या तमिळनाडूतला मुलूख; आणि १८८२ साली स्थापन झालेल्या ‘सदर्न मराठा रेल्वे’चे मुख्यालय मात्र धारवाडला होते. मुंबईहून पाहणाऱ्याला आम्ही दक्षिणेला दिसलो, बेंगळुरूहून पाहणाऱ्याला वायव्येला. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले, १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक झाले, तरी आमच्या नावातली मुंबई पुढे ४८ वर्षे तशीच राहिली.

नाव बदलण्याला माझा विरोध नाही. १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांचे कित्तूर आमच्याच बेळगाव जिल्ह्यातले, आणि त्यांच्याविषयी मराठी घरांतही आदर आहे. पण २०१९ साली ‘हैदराबाद-कर्नाटक’चे ‘कल्याण-कर्नाटक’ आणि दोन वर्षांनी आमचे ‘कित्तूर-कर्नाटक’ झाल्यापासून पालक मला विचारतात, कल्याण-कर्नाटकातल्या मुलांना मिळणारे आरक्षण आता आपल्यालाही लागू झाले का? ते संविधानाच्या ३७१-जे कलमाने केवळ त्या भागाला दिलेले आहे, हे दर वेळी समजावून सांगावे लागते, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा पाहवत नाही.

गावांच्या नावांची अडचण याहून रोजची आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. गेल्या वर्षी एका विधवा बाईंचा अर्ज, पतीच्या दाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे म्हणून, एका कार्यालयातून दोनदा परत आला. मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करण्यात त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. शहर तेच आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या खात्याने सीमेलगतच्या जिल्ह्यांतील प्रत्येक गाव, तालुका आणि विभाग यांची नामसूची कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत राजपत्रात प्रसिद्ध करावी. जुने नाव कोणते आणि ते कोणत्या दिवशी बदलले, हे तीत असावे. मराठीच्या रकान्यात लोक बोलतात तसे ‘बेळगाव’च असावे. सूचीतील जुन्या-नव्या नावांच्या फरकावरून कोणाचाही अर्ज परत करू नये, असे परिपत्रक प्रत्येक तहसीलदार कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावावे. त्या बाईंची वारसा नोंद अजून झालेली नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका