आमच्या वाचनालयातील नव्या दालनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा एक काम हाती घेतले आहे. गोव्याच्या कॅथलिक धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या कारभाराखालील मुलखाचा, इतिहास मराठी वाचकाला एका जागी बसून वाचता यावा, म्हणून एक लहान दालन उभारायचे आणि निवडक कागदपत्रांचा मराठी अनुवाद करून घ्यायचा. यासाठी पैसे हवेत, कागद हवेत आणि जुनी पोर्तुगीज वाचणारी माणसे हवीत. खरी नड आहे ती माणसांची.

वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "पाद्रींचा इतिहास आपण कशाला जमवायचा? त्यांचे कागद सांभाळायला ते समर्थ आहेत." प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर जरा सविस्तर देतो.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात तिथले देऊळ पाडले गेले, लिंग नदी ओलांडून अलीकडे आले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. एवढे आपल्याकडची शाळकरी पोरेही सांगतात. पण त्याच दिवाडीवरून, शिवाजी महाराजांच्याही आधी, आणखी एक जण पोर्तुगिजांशी बिनसल्यामुळे डिचोलीत येऊन राहिला होता, आणि तो चक्क ख्रिस्ती बिशप होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

मातेउस दे कास्त्रो हे त्याचे नाव. दिवाडीवरच्याच नावेली गावच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्री करायचे नाकारले, तेव्हा हा गडी थेट रोमला गेला, तिथे शिकला, पाद्री झाला आणि १६३७ साली बिशपही झाला. लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणाऱ्या, चर्चमधला हा पहिला भारतीय बिशप. परत आल्यावर गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचे अधिकारपत्र मानले नाही. मग त्याने आदिलशाही मुलखात, म्हणजे आपल्या डिचोलीत, मुक्काम ठोकला. विजापूरच्या मुलखासाठी रोमने नेमलेला धर्माधिकारी या नात्याने त्याने इथून काम पाहिले आणि पोर्तुगीज पाद्रींच्या वागण्यावर कडक लिहिले. पुढे तो रोमला परतला आणि १६७७ साली तिथेच वारला.

हा नुसता एका माणसाचा हट्ट नव्हता. पूर्वेकडील मुलखात बिशपची निवड करण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता, आणि त्याच्या बदल्यात चर्च बांधणे, मिशनऱ्यांना पोसणे हा खर्च राजाच्या माथी होता. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणत. १६२२ साली रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचे वेगळे खाते काढले आणि दोघांत जुंपली. कास्त्रो हा त्या रोमच्या खात्याचा माणूस. म्हणजे राजाचा अंमल नदीपर्यंत आणि पोपचा माणूस नदीच्या अलीकडे, असा हा मामला. ही चुरस पुढे दोनशेहून अधिक वर्षे धुमसत राहिली. १८८६ च्या करारात बरीच तडजोड झाली, गोव्याच्या आर्चबिशपला पेट्रिआर्क हा मानाचा किताब मिळाला आणि दमणला वेगळा धर्मप्रांत झाला. तो १९२८ साली पुन्हा गोव्याला जोडला गेला. आजच्या "गोवा आणि दमण" या नावामागे एवढे रामायण आहे.

मुळात हा धर्मप्रांत मिशनऱ्यांच्या पावलांनीच आला. १५१० साली आल्बुकर्कने गोवा जिंकला, १५१७ साली फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री येऊन स्थायिक झाले, १५३३ साली धर्मप्रांत स्थापन झाला. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली आला. पाव शतकाच्या आत गोव्याला आर्चबिशपचा दर्जा मिळाला आणि कोचीन, मलाक्का ही त्याच्या हाताखालची ठाणी झाली. पुढे मकाव आणि जपानही त्यात आले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंतचा कारभार जुन्या गोव्यातून चाले. आपल्याकडे मिशनऱ्यांनी मुलूखच वाटून घेतला होता. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइट या दुसऱ्या संघाच्या पाद्रींकडे. डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरी या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेले मुलूख, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, आणि जेझुइटांना तर १७५९ सालीच हाकलले होते. पहिल्या धडाक्याचा जोर ओसरल्यावर आपण पोर्तुगिजांच्या हाती लागलो, म्हणून आपली देवळे जागच्या जागी उभी आहेत.

ज्यांची देवळे वाचली नाहीत त्यांची हकीकतही याच कागदांत आहे. १५४१ साली तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे वळवले गेले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, चालू होते. आणि याच काळात टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली येऊन साष्टीत रमला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापून निघाले. त्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. आमच्या दालनात छळाचे कागदही असतील आणि ओव्याही असतील. "हे ठेवा, ते वगळा" अशी अट घालून कोणी देणगी दिली, तर ती साभार परत केली जाईल.

मिशनऱ्यांनी घडवलेल्या या प्रांताने पुढे स्वतःचे मिशनरी बाहेर पाठवले. बाणावलीत जन्मलेला जोझे वाझ श्रीलंकेत गेला आणि १७११ साली कँडीत वारला. २०१५ साली त्याला संतपद मिळाले. पिलारच्या पाद्रींची संस्था १८८७ साली आगोंदला सुरू झाली. सावंतवाडीकडे सोयरीक असलेल्यांना माहीत असेल की २००५ साली पुण्याच्या धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. तो आता गोव्याच्या आर्चबिशपच्या प्रांतात मोडतो.

कारभाराची वीण गावात उतरते ती फिरगजेत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत. विगार हा तिचा प्रमुख, मालमत्तेचा हिशेब फाब्रिक बघते आणि फेस्ताची, म्हणजे चर्चच्या उत्सवाची, जबाबदारी कॉन्फ्रारी हे मंडळ उचलते. आपल्या देवळातले महाजन आणि उत्सव समिती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे उलगडा होईल. फिरगजेची शाळा मुलांना अक्षरांबरोबर सूरही शिकवी. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची नोंद फिरगजेच्या वहीत होई. सरकारी नोंदणी सुरू होण्याआधी ख्रिस्ती घरांचा वंश शोधायला त्या वह्यांवाचून गत्यंतर नाही, आणि त्या पोर्तुगीजमध्ये आहेत.

मूळ दस्तऐवज पणजीच्या पुराभिलेखात आणि चर्चच्या संग्रहांत आहेत, तिथेच ते राहावेत. आम्हांला हव्यात त्यांच्या प्रती आणि मराठी अनुवाद. लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेली, जुने पोर्तुगीज हस्ताक्षर सहज वाचणारी पिढी आता थकत चालली आहे. आपल्या घरात, शेजारात असे आजोबा-आजी असतील तर कृपया कळवा. ते बोलतील ते आमची मुले उतरवून घेतील. अनुवादाचे मानधन आम्ही पानामागे देऊ. ते मोठे नाही, पण वेळेवर मिळेल.

घरातल्या जुन्या पेट्यांत फेस्ताच्या स्मरणिका, कोमुनिदादीची (गावकीची) पत्रे, पोर्तुगीज वर्तमानपत्रे सापडतात. ती रद्दीत देण्याआधी एकदा आम्हांला दाखवा. स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

दोन लोखंडी कपाटे, स्कॅनर, पावसाळ्यातला ओलावा शोषणारे यंत्र आणि अनुवादाचे मानधन मिळून अंदाजे १ लाख ८० हजार रुपये लागतील. पैकी ४० हजार सभासदांकडून जमले आहेत. कसर आणि वाळवी निधी जमेपर्यंत थांबत नाहीत, म्हणून कपाटांची मागणी आधी नोंदवत आहोत. देणगी धनादेशाने किंवा रोख द्यावी. पावती तिथल्या तिथे मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी उघडे असते. पावसात कागद घेऊन येऊ नका. निरोप द्या, आम्हीच घरी येऊ.

कार्यकारी मंडळ