चूक सांगायची तर घरी जा, ग्रुपवर नको

मा. संपादक साहेब, सलाम.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर मोसंबीच्या ताणाविषयी, म्हणजे फूल यावं म्हणून झाडाचं पाणी तोडण्याविषयी, आलं होतं, ते वाचून हे पत्र लिहायलोय. विषय मात्र शेतीचा नाही, आमच्या ख्रिस्ती मंडळीतला आहे, तरी छापा अशी विनंती.

आम्ही अंबड तालुक्यातले मोसंबीवाले. आंबिया बहार, म्हणजे जानेवारीत पाणी देऊन येणारा फुलोरा, धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं हे इकडं लहान पोरालाबी माहिती आहे. पाणी चालूच ठेवलं तर झाड नुसता पाला फेकतं, हिरवंगार दिसतं पण फूल नाही. पाणी तोडलं की वाढ थांबते, ताकद फांदीत साठते, पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, अन् मग जानेवारीत पाणी दिलं की फूल निघतं. नवख्या माणसाला वाटतं हा बाग मारायलाय. पण ताण देणारा रोज बागेत असतो, पान बघतो, माती हातात घेऊन बघतो, जमीन हलकी असली तर ताण लवकर तोडतो, आणि पाणीबी एकदम देत नाही, आधी आंबवणी म्हणजे पहिलं हलकं पाणी, मग चिंबवणी म्हणजे पुढचं पाणी. ताणाच्या दिवसात तो झाडाजवळ जितका असतो तितका एरवी नसतो.

हे सगळं माहिती असून स्वतःवर वेळ आली तेव्हा मला कळलं नाही. बांधावरून माझं अन् धाकट्या भावाचं वाजलं, दोन वर्षं बोलणं बंद. चर्चमधे तो डाव्या बाजूला मी उजव्या, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर अन् द्राक्षरस, दोघंबी घ्यायचो. सगळ्यांना दिसत होतं पण कुणी बोललं नाही, आमची घरं जुनी, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्या काळापासूनची, सगळे एकमेकांचे सोयरे, वाईटपणा कोण घेणार. शेवटी महिला मंडळातली एक म्हातारी मावशी संध्याकाळी एकटीच घरी आली. चहाबी घेतला नाही. म्हणली, "बाळा, वेदीपाशी दान घेऊन आलास अन् भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव अन् आधी भावाकडं जा, असं प्रभू म्हणलाय. तू दोन वर्षं झाली ते ओलांडून पुढं जायलास." एवढं बोलून उठली.

मला लई राग आला. तीन रविवार चर्चला गेलो नाही, तिच्या घरातल्या भानगडी मोजत बसलो, हिला काय अधिकार म्हणून. मग एका रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं की हिचे गुडघे धरलेले, तरी चालत आली, अन् हिला माझ्याकडून काहीच नको होतं. माझ्यावर इतका जीव दुसऱ्या कुणी लावला नव्हता त्या दोन वर्षांत.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा 12 वा अध्याय तेव्हा नीट वाचला. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो असं तिथं आहे. मूळ ग्रीक शब्द पायदेया, म्हणजे लेकराला वळण लावणं, मार देणं एवढाच त्याचा अर्थ नाही. आपल्या 'शिक्षा' शब्दातबी शिकणं आहेच की. आणि तिथंच पुढं लिहिलंय की शिक्षा होताना गोड वाटत नाही, फळ नंतर येतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, दुष्काळ म्हणजे ताण नव्हे. 2012-13 ला आमच्या जिल्ह्यात पाण्यावाचून बागा जळाल्या, तो काही कुणी विचार करून दिलेला ताण नव्हता. एखाद्याचं पोरगं आजारी पडलं की काहीजण जाऊन सांगतात देव तुला शिक्षा करायलाय. असं बोलू नका हो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापाचं, तेव्हा येशूनं दोघांचंबी नाही म्हणून सांगितलं.

आणि आता तर चूक दाखवायची म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर वचन टाकायचं, नाव घ्यायचं नाही पण सगळ्यांना कळतं कुणाला मारलंय. बायबलात मत्तय 18 मधे साफ आहे, भावाची चूक झाली तर आधी एकटा जा, दोघांतच बोल. पौल प्रेषितानं येशूचा शिष्य पेत्र याला अंत्युखिया शहरात चारचौघांत सुनावलं हे कुणीतरी म्हणेलच, खरंय, पण तोंडावर सुनावलं, माघारी नाही. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात त्याच पौलाला 'प्रिय बंधू' म्हटलंय हेबी वाचावं.

मी भावाकडं गेलो. बराच वेळ दोघंबी गप्पच होतो. बांधाची मोजणी अजून व्हायचीय, पण यंदा माझ्या बोअरचं पाणी आटल्यावर आंबवणीचं पाणी त्याच्याच विहिरीतून घेतलं.

मावशी आता थकली, चर्चला येणं होत नाही. नातू तिला रोज तुमचा पेपर वाचून दाखवतो. मी तिला तोंडानं कधी धन्यवाद म्हणलो नाही, म्हणून हे छापा.

आपला,
एक मोसंबी बागायतदार, ता. अंबड, जि. जालना