सावरीच्या केसांचं प्रकरण

पुणे

प्रिय वसू,

सावरीचा फोटो बघून आर्याने ‘मला पण असाच ससा हवा’ म्हणून घर डोक्यावर घेतलंय म्हणालीस. फोनवर मी हो-नाही काहीच धड बोलले नाही, कारण पोरगी तुझ्या शेजारी कान देऊन उभी होती. म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखवू नकोस.

सावरी अंगोरा जातीची आहे. आपण मनालीला गेलो होतो तेव्हा कुलूला तू अंगोराची शाल घेतलीस, आठवतं? त्याच लोकरीचा ससा. तिकडे लोकरीसाठीच पाळतात आणि दर अडीच-तीन महिन्यांनी कातरतात. म्हणजे हे केस माणसानं निवडून निवडून वाढवलेत. सशाला एकट्याला ते सांभाळता येत नाहीत. आपण हात लावला नाही तर जटा होतात. पहिल्या घरी तिला तसंच सोडलेलं असावं. आमच्याकडे आली तेव्हा कानामागे, हनुवटीखाली, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी नुसते गठ्ठे होते. वरून बघशील तर मऊ मऊ, आत बोट शिरत नव्हतं.

जटा ओढायची नाही. सशाची कातडी इतकी पातळ असते की गाठ वर उचलून कात्री लावली तर गाठीबरोबर कातडीही कापली जाते. केस मुळाशी बोटांनी धरायचे, थोडं कॉर्नफ्लोअर चोळायचं आणि टोकाकडून हळूहळू मोकळं करत यायचं. जी जटा अगदी कातडीला चिकटलेली असते ती डॉक्टरांकडून मशीननं काढून घ्यायची. आणि अंघोळ अजिबात नाही! आमच्या सासूबाई ‘बाळाच्या साबणानं न्हाऊ घालू’ म्हणून मागे लागल्या होत्या. पाण्यानं ससा घाबरून गारठतो, आणि भिजलेल्या गाठी आणखी घट्ट बसतात.

आता मी एक दिवसाआड संध्याकाळी गॅलरीत बसून तिला विंचरते. पोटाकडची बाजू तिला मुळीच आवडत नाही, मागच्या पायांनी लाथा झाडते. तेव्हा मागचं अंग हातानं आधार देऊन धरावं लागतं. जोरात झटका दिला तर सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणारे लोक दिसले की मला अजूनही राग येतो.

एवढी उठाठेव नुसती दिसण्यासाठी नाही गं. ससा दिवसभर स्वतःला चाटतो, केस पोटात जातात, आणि सशाला उलटी होतच नाही. गेलेलं खालूनच बाहेर पडायला हवं. त्यासाठी पोटात सतत गवत फिरतं राहावं लागतं. तिच्या जेवणात बहुतेक सगळं वाळलेलं गवत असतं. दात जन्मभर वाढत असतात, तेही गवत चघळूनच झिजतात. लसूणघास हा हिरवा चारा लहान पिल्लांना ठीक, मोठ्यांना त्यात कॅल्शियम जास्त होतं. कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला ती आवडीनं खाते. गाजर गोड असतं, त्याची चकती म्हणजे पेढा समजायचा. लेंड्या केसांनी एकमेकींना जोडून माळेसारख्या पडायला लागल्या की समजायचं, केस फार पोटात जाताहेत. गवत वाढवायचं, विंचरणं वाढवायचं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर मात्र ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

डॉक्टरही ससे बघणाराच हवा. एकाकडे गेलो तर तो कुत्र्यांच्या पिसवांचा स्प्रे मारायला निघाला होता. त्यात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं, ते सशाच्या जिवावर बेततं. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिकही चालत नाही, आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि नको ते माजतात. तेव्हा आधी असा डॉक्टर शोध, ससा नंतर.

पावसाळ्यात वेगळीच कटकट. शेपटीखालचे केस ओले-घाण राहिले तर माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. मी तिथले केस बारीकच ठेवते आणि रोज उलटसुलट करून बघते.

पण तुझ्या बाबतीत खरा प्रश्न नागपूरच्या उन्हाचा आहे. सशाला माणसासारखा घाम येत नाही. जी उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून, आणि अंगावर हे असलं पांघरूण. पारा तिशीच्या वर गेला की आमच्या पुण्यातसुद्धा ती फरशीवर पोट टेकून लांब पडते. मग पंचात गुंडाळलेली बर्फाची बाटली तिच्या शेजारी ठेवायची आणि खिडकीला ओली पोती लावायची. मार्चमध्येच मी तिचे केस बोटाच्या पेरापेक्षा आखूड कापून टाकले. जाऊबाई म्हणाल्या, “अगं बाई, कुठे गेला तो कापसाचा गोळा!” गेला तर गेला. शोभेसाठी केस राखणाऱ्यांचं कौतुक मला मुळीच नाही. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे एसी चोवीस तास हवा, आणि वीज गेली तर? कूलरच्या दमट हवेच्या भरवशावर मी तरी अंगोरा ठेवणार नाही.

तेव्हा माझं सरळ मत: लांब केसांचा घेऊ नकोस. अगदी हवाच असेल तर आखूड केसांचा, तोही कुणाला नकोसा झालेला, आणि मादी असेल तर तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घे, नाहीतर वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरची भीती फार. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. आर्या कॉलेजला जाईल तेव्हा लेंड्या कोण झाडणार, ते आत्ताच तुझ्या नवऱ्याला विचारून ठेव.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन ये. फटाके थांबल्यावर ये मात्र, त्या दिवसांत सावरी कपाटामागून बाहेरच येत नाही. रोज संध्याकाळी ब्रश आर्याच्या हातात देते, लाथा खाऊ दे. आणि येताना संत्र्याची बर्फी आण. ती माझ्यासाठी, सावरीला गोड बंद आहे.

तुझी,
मंदा