आधी चौदा वर्षांखालची मुले, मग सीनियर संघ

महोदय,

माजी मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या फळीत खेळणारे) खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच निवृत्त मिडफिल्डरांना बूट काढल्या काढल्या सीनियर संघ हवा असतो. जमील यांची वाट लांबची आहे. २००९ मध्ये खेळणे थांबवून त्यांनी मुंबई एफसी हाती घेतला, तिथे २०१६ पर्यंत राबले आणि मग २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. स्पेनचा मिडफिल्डर झाबी अलोन्सो तर २०१० चा विश्वविजेता. त्यानेही सुरुवात रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या मुलांपासून केली. पुढे तीन हंगाम रेआल सोसिएदादचा ‘ब’ संघ, आणि जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब त्यानंतर.

चांगला मिडफिल्डर चेंडू येण्याआधी मागे बघून घेतो, पण ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शिकवायला उभा राहिला की ‘अरे बघ, बघ’ यापलीकडे त्याला सांगता येत नाही. मुलगा बघतो, पण चेंडू पायात आल्यावर. तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. सांगायचे ते इतके बारीक हवे : चेंडू दुसऱ्या दोघांत फिरत असताना मान वळवायची, पास देणाऱ्याचा पाय उचलला की नजर चेंडूवर, अंग अर्धे वळलेले, चेंडू पास देणाऱ्यापासून लांबच्या पायावर घ्यायचा.

सरावाला २० बाय १५ मीटर जागा पुरते. तीन विरुद्ध तीन आणि मध्ये एक जोकर. चेंडू ज्यांच्याकडे, तो त्यांचा. दर दोन मिनिटांनी जोकर बदलावा. जागा फार लहान झाली तर नुसती लाथाळी होते. फार मोठी ठेवली तर अंगावर कोणी येतच नाही, मग मागे बघायचे कशाला?

उन्हाळी शिबिरांत आणखी एक घोळ होतो. मुरमाचे मैदान टणक, चेंडू कुठेही उसळतो, म्हणून मुले नजर वर करतच नाहीत. त्यांचा दोष नाही. आदल्या संध्याकाळी एका पट्ट्यावर पाणी मारावे, चेंडूत ९ पीएसआयच हवा ठेवावी (नियमाची किमान मर्यादा ८.५ आहे), बारा वर्षांखालच्यांना ४ नंबरचा चेंडू द्यावा. मे महिन्यात सकाळी साडेसातला सराव आटोपावा. मुलगा दमला की आधी मान वळवणे सोडतो. प्लॅस्टिकचे शंकू मांडून तीस जणांची एकच रांग लावण्याने मात्र फोटो तेवढा छान येतो.

जिल्हा फुटबॉल संघटनेने ज्युनियर संघांची नोंदणी करताना प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे किमान डी लायसन्स (प्रशिक्षकाचा परवाना) मागावे. त्यात सराव प्रत्यक्ष घेऊन दाखवावा लागतो. आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि प्रो ही पुढची पायरी ज्याची त्याने चढावी. माजी खेळाडू म्हणून सूट कोणालाही नको. पावसाळ्याआधी डी लायसन्सचा कोर्स नागपुरातच भरवला, तर शहर आणि कामठी मिळून एक तुकडी सहज भरेल.

— एक फुटबॉलप्रेमी, सदर, नागपूर